कॉपी-ऑन-राइट फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये वेग आणि त्रुटी-हाताळणी एकत्र कशी सुधारावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: लिनक्स कर्नेलमधील बीटीआरएफएस या कॉपी-ऑन-राइट फाइल सिस्टिमचा कोड वाचून त्यात सुधारणा करण्याची इच्छा आहे, एकीकडे लॉकवरची गर्दी आणि कमिटला (साठलेले बदल डिस्कवर पक्के करण्याला) लागणारा वेळ कमी करायचा आहे, दुसरीकडे जुने ‘बग-ऑन’ (अनपेक्षित स्थिती आली की कर्नेलला तेथेच थांबवणाऱ्या तपासण्या) काढून तिथे रीतसर त्रुटी परत करायच्या आहेत, तर ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात का, आणि सुरुवात कोठून करावी?

माझ्या मते ही दोन कामे पुष्कळदा एकच असतात. जे अपयशी ठरू शकते ते सारे, म्हणजे मेमरी मिळवणे, जागा राखून ठेवणे, डिस्कवरून ब्लॉक वाचणे, पहिला बदल करण्यापूर्वी आणि शक्य तर लॉक घेण्यापूर्वी उरकून घेतले, की लॉक धरून ठेवण्याचा काळ आपोआप आखूड होतो आणि ज्या जागी मागे फिरता येत नाही त्या जागी चुकण्यासारखे फारसे काही उरत नाही. हे बोलायला सोपे असले तरी बीटीआरएफएसच्या रचनेत ‘मागे फिरता न येण्याची जागा’ नेमकी कोठे आहे हे आधी नीट कळले पाहिजे, म्हणून तेथून सुरुवात करतो.

बीटीआरएफएस २००७ मध्ये ख्रिस मेसन यांनी ओरॅकलमध्ये असताना सुरू केली आणि २००९ मध्ये ती २.६.२९ या कर्नेलसोबत प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या मुळाशी ओहाद रोडेह यांनी मांडलेली कॉपी-ऑन-राइट बी-ट्री आहे. ट्रीमधील लीफ, म्हणजे सर्वांत खालचा नोड, बदलायचे झाले तर ते जागच्या जागी बदलत नाहीत. त्याची प्रत नव्या जागी लिहितात, मग त्याच्या वरच्या नोडची, मग त्याच्याही वरच्याची, असे करत मुळापर्यंत जातात, आणि शेवटी मुळाचा पत्ता सांगणारा नवा सुपरब्लॉक लिहिला की नवी ट्री अधिकृत होते. सुपरब्लॉक लिहिला जाईपर्यंत डिस्कवरील जुनी अवस्था अबाधित असते. यावरून अनेक नवागतांचा असा समज होतो की कॉपी-ऑन-राइट असल्यामुळे एखादी क्रिया अर्ध्यात फसली तर ती सहज उलटवता येईल. तसे नाही. अणुत्व, म्हणजे सगळे होईल किंवा काहीच नाही हा गुण, आहे ते संपूर्ण ट्रान्झॅक्शनचे (एकत्र कमिट होणाऱ्या बदलांच्या गटाचे), एका क्रियेचे नव्हे. नेहमीच्या मांडणीत दर ३० सेकंदांनी कमिट होणाऱ्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये शेकडो प्रक्रियांचे बदल एकाच वेळी, त्याच नोडांच्या त्याच नव्या प्रतींवर, होत असतात. खतावणीच्या एकाच पानावर दहा जणांच्या नोंदी पडल्यावर आपली एकट्याची नोंद काढण्यासाठी ते पान फाडता येत नाही, तशी ही स्थिती आहे.

त्यामुळे एखाद्या फाइलचे नाव बदलताना जुन्या डिरेक्टरीतील नोंद काढून झाली आणि नव्या डिरेक्टरीत नोंद घालताना त्रुटी आली, तर दोनच मार्ग उरतात. एक, काढलेली नोंद पुन्हा घालणे, जे स्वतःच फसू शकते. दोन, ट्रान्झॅक्शन अबॉर्ट करणे. अबॉर्ट म्हणजे चालू ट्रान्झॅक्शन कधीच कमिट होणार नाही अशी खूण करणे. त्यानंतर फाइल सिस्टिम केवळ वाचनासाठी उरते आणि नवे ट्रान्झॅक्शन सुरू करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ‘ईरोफ्स’ (फाइल सिस्टिम केवळ वाचनासाठी आहे) ही त्रुटी मिळते. डिस्कवरचा डेटा सुसंगत राहतो, पण गेल्या कमिटनंतरचे ज्याचे एफसिंक (फाइल ताबडतोब डिस्कवर पक्की करण्याची मागणी) झालेले नाही ते सर्वांचे काम जाते. म्हणून अबॉर्ट ही योग्य पण महाग सोय आहे, आणि कोड लिहिणाऱ्याचे कौशल्य तिची गरज किती कमी वेळा पडते यावरून जोखावे.

बग-ऑनचा इतिहास येथे सांगणे उपयोगी आहे. सुरुवातीच्या काळात अनेक फंक्शनांच्या परत येणाऱ्या मूल्यावर थेट बग-ऑन लावलेला असे. म्हणजे मेमरी मिळाली नाही तरी कर्नेल ती प्रक्रिया तेथेच मारून टाकत असे. मारलेल्या प्रक्रियेने धरलेले लॉक तसेच राहत, मागून येणारे सारे अडकत आणि यंत्र पुन्हा सुरू करण्यावाचून इलाज उरत नसे. २०१२ मध्ये, ३.४ च्या सुमारास, अबॉर्टची यंत्रणा आली आणि तेव्हापासून हे बग-ऑन एकेक करून निघत आहेत. मात्र बग-ऑन दिसला की तेथे डोळे मिटून अबॉर्ट घालणे ही सुधारणा नव्हे. आधी तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात. ही स्थिती केवळ आपल्याच कोडच्या चुकीमुळे येऊ शकते का? तर ती असर्ट (कोडमधील गृहीतकाची तपासणी) आहे, आणि ती विकासकांच्या बिल्डमध्येच तपासली जाईल असे करावे. ती डिस्कवरील बिघडलेल्या मजकुरामुळे येऊ शकते का? तर ‘ईयूक्लीन’ (डिस्कवरची रचना बिघडलेली आहे) ही त्रुटी परत करावी आणि कोणत्या ट्रीत, कोणत्या कीजवळ (नोंद ओळखण्याच्या खुणेजवळ) विसंगती आढळली याचा स्पष्ट संदेश लॉगमध्ये द्यावा. ती मेमरी किंवा जागेच्या अभावाने येऊ शकते का? तर ती रोजची, अपेक्षित त्रुटी आहे आणि ती वरपर्यंत शांतपणे गेली पाहिजे.

दुसऱ्या प्रकाराचे एक नमुनेदार उदाहरण ट्रीत की शोधणाऱ्या सर्च-स्लॉट या फंक्शनभोवती सापडते. ते की सापडली तर ०, सापडली नाही पण तिची जागा कळली तर १, आणि त्रुटी आली तर ऋण संख्या परत करते. एखाद्या इनोडची (फाइलची माहिती ठेवणाऱ्या रचनेची) शेवटची नोंद शोधण्यासाठी आपण ऑफसेटच्या जागी शक्य तेवढी मोठी संख्या देऊन शोध घेतो आणि मिळालेल्या जागेवरून एक पाऊल मागे येतो. अशी की प्रत्यक्षात असणारच नाही, या भरवशावर जुन्या कोडमध्ये ‘० आले तर बग-ऑन’ असे लिहिलेले असे. पण हेतुपुरस्सर बिघडवलेल्या डिस्क-प्रतिमेत ती की असू शकते, आणि मग केवळ माउंट करण्याने यंत्र कोसळू शकते. अशा जागी ‘ईयूक्लीन’च हवे. याच फंक्शनच्या १ या उत्तरातून आणखी एक जुनी चूक जन्मते: बोलावणारा ‘शून्य नसेल तर बाहेर पड’ असे लिहितो, १ हे मूल्य तसेच वर जाते आणि शेवटी सिस्टिम कॉलचे उत्तर म्हणून वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला १ मिळते, ज्याचा अर्थ कोणालाच ठाऊक नसतो. कोड वाचायला बसाल तेव्हा ही जागा पहिल्यांदा तपासा. अजूनही अशा चुका अधूनमधून हाती लागतात. एकाच फंक्शनमध्ये ‘रेट’ आणि ‘एर’ अशी दोन चल असणे हे याच रोगाचे भावंड आहे, कारण साफसफाई करणाऱ्या दुसऱ्या कॉलचे यश पहिल्या कॉलच्या अपयशावर नकळत लिहिले जाते. शक्य तेथे एकच चल ठेवावे.

आता अबॉर्ट कोठे करावा याबद्दल. नियम असा की ज्या कॉलमध्ये अपयश आले त्याच्या लगेच खाली, त्याच फंक्शनमध्ये अबॉर्ट करावा. चार-पाच कॉलांची अपयशे एकाच लेबलपाशी गोळा करून तेथे एकदाच अबॉर्ट केला, तर कोड नीटनेटका दिसतो, पण अबॉर्टच्या संदेशात ओळ क्रमांक त्या लेबलचा छापला जातो आणि कोणत्या पायरीने घात केला हे सहा महिन्यांनी अहवाल वाचणाऱ्याला कळत नाही. त्यात ‘ईआयओ’ (डिस्कचे वाचन-लेखन फसले), ‘ईरोफ्स’ आणि ‘ईनोमेम’ (मेमरी मिळाली नाही) या त्रुटींसाठी संपूर्ण स्टॅक छापलाच जात नाही, त्यामुळे ओळ क्रमांक हाच एकमेव पुरावा असतो. याच्या जोडीने दुसरा नियम: पहिला बदल होण्याआधी अबॉर्ट करू नये. ट्रान्झॅक्शनचे हँडल (त्यात सामील असल्याची खूण) घेतले, शोधासाठी पाथ (मुळापासून लीफपर्यंतचे नोड व त्यांचे लॉक धरणारी रचना) मागितला आणि तो मिळाला नाही, तर अजून काहीही बिघडलेले नाही; हँडल सोडून ‘ईनोमेम’ परत करणे पुरेसे आहे. अशा अनावश्यक अबॉर्टमुळे एका प्रक्रियेची किरकोळ अडचण संपूर्ण सर्व्हरची होते. रिव्ह्यू करताना मी कोणत्याही फंक्शनात सर्वप्रथम हीच रेषा शोधतो: या ओळीच्या वर परत फिरता येते, खाली येत नाही. ती रेषा जितकी खाली सरकवता येईल तितके चांगले.

रेषा खाली सरकवण्याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे नवी फाइल तयार करण्याचा मार्ग. पूर्वी इनोडसाठी मेमरी मिळवणे आणि इतर बरीच तयारी ट्रान्झॅक्शन सुरू झाल्यावर होत असे. २०२२ मध्ये ओमर सँडोवाल यांनी या कोडची फेररचना केली: आता इनोड आधी तयार होतो, एसीएल (फाइल वापरण्याच्या परवानग्यांची यादी) वगैरे आधी ठरतात, किती नोंदी लागतील हे मोजले जाते आणि मगच ट्रान्झॅक्शन सुरू होते. त्यामुळे त्रुटीच्या वाटा तर कमी झाल्याच, शिवाय ट्रान्झॅक्शनचे हँडल उगाच धरून ठेवणेही थांबले. हे दुसरे का महत्त्वाचे? कमिट करणाऱ्याला आधी सर्व लेखकांनी आपापली हँडले सोडण्याची वाट पाहावी लागते आणि त्या काळात नव्या लेखकांना दाराबाहेर थांबावे लागते. एका हँडलधारकाने मेमरीसाठी घालवलेला वेळ असा सर्वांच्या वाट्याला येतो. क्युग्रुपच्या (जागेच्या वापराचा हिशेब व मर्यादा ठेवणाऱ्या) कोडमध्येही हाच प्रकार झाला: स्पिनलॉकखाली, म्हणजे झोपण्याची (थांबून वाट पाहण्याची) मुभा नसताना, मेमरी मागण्याऐवजी ती आधीच मागून ठेवायची आणि लागली नाही तर सोडून द्यायची. एक्स्टेंटच्या (सलग जागेच्या तुकड्याच्या) स्थितीची नोंद ठेवणाऱ्या ट्रीत ही पद्धत फार पूर्वीपासून आहे.

जागेच्या आरक्षणाकडे याच नजरेने पाहावे. ट्रान्झॅक्शन सुरू करताना आपण किती नोंदी घालणार ते सांगतो आणि प्रत्येक नोंदीमागे नोडचा आकार गुणिले ट्रीची कमाल उंची ८ गुणिले २ इतकी जागा राखली जाते; नेहमीच्या १६ किलोबाइटच्या नोडसाठी हे २५६ किलोबाइट होतात. एका छोट्या नोंदीसाठी २५६ किलोबाइट हा हिशेब हास्यास्पद वाटतो, पण तो मुळापासून लीफपर्यंत प्रत्येक पातळीची प्रत आणि प्रत्येक पातळीवर फूट पडण्याची शक्यता धरून केलेला आहे. वापरले नाही ते लगेच परत जाते. हा अतिसावधपणा असल्यामुळेच ट्रीत बदल करताना मध्येच ‘ईनोस्पेस’ (जागा संपली) येत नाही, किंवा निदान येऊ नये. मोजणी कमी पडली तर तूट ग्लोबल रिझर्व्हमधून (सर्वांसाठी बाजूला ठेवलेल्या राखीव जागेतून) भागते, ज्याची मर्यादा ५१२ मेगाबाइट आहे, आणि त्यामुळे चूक महिनोन्महिने लपून राहते. भरलेल्या डिस्कवर एखाद्या दिवशी ती अबॉर्ट होऊन बाहेर येते. मोजणी जास्त झाली तर आरक्षण मिळवण्यासाठी फ्लश सुरू होते: आधी डिलेड (पुढे ढकललेल्या) नोंदी, मग लिहायचा राहिलेला डेटा, मग डिलेड रेफ (एक्स्टेंटच्या संदर्भसंख्येतील पुढे ढकललेले बदल), नवा चंक (डिस्कच्या जागेचा मोठा तुकडा), आणि सरतेशेवटी पूर्ण कमिट. वापरकर्त्याला ते ‘डिस्क भरत आली की यंत्र रखडते’ असे दिसते. म्हणजे एकाच संख्येची चूक एका बाजूला त्रुटी आणि दुसऱ्या बाजूला मंदपणा होते. नवी नोंद घालणारा पॅच (कोडमधील बदल) लिहिताना त्या संख्येच्या वर कोणत्या नोंदी मोजल्या आहेत याची टिप्पणी लिहिण्याची सवय लावून घ्या. आणि एक धोक्याची सूचना: आरक्षणासाठी कमिट होऊ शकते म्हणून हातात हँडल असताना पूर्ण फ्लशची परवानगी देणारे आरक्षण मागू नये, आपणच आपली वाट पाहत बसू.

शोधाच्या मार्गात वेगाच्या दृष्टीने काय पाहावे? पहिली गोष्ट म्हणजे लॉक. २०२० मध्ये, ५.१० च्या वेळी, जोसेफ बॅसिक यांनी ट्री-ब्लॉकवरचे जुने स्वनिर्मित लॉक काढून तेथे कर्नेलचे सर्वसाधारण आरडब्ल्यू-सेमाफोर (अनेक वाचक किंवा एकच लेखक असे लॉक) आणले. काही भारांखाली वेगाचे गणित त्यात थोडे बदलले, परंतु लॉकडेपसारखी (लॉकचा चुकीचा क्रम पकडणारी) साधने लागू झाली आणि डेडलॉक सापडू लागले. मी हा सौदा फायद्याचाच मानतो. दुसरी गोष्ट, शोध घेताना ब्लॉक मेमरीत नसेल तर लॉक सोडून वाचन करायचे आणि ‘ईअगेन’ (पुन्हा प्रयत्न करा) देऊन पुन्हा मुळापासून यायचे, ही पद्धत. यात डिस्कची वाट पाहताना वरच्या नोडांचे लॉक धरले जात नाहीत, हा वेगाचा भाग झाला; आणि हा ‘ईअगेन’ आतल्या आत संपलाच पाहिजे, तो कधीही वापरकर्त्यापर्यंत पोहोचता कामा नये, हा त्रुटींचा भाग. तिसरी गोष्ट, सलग की असलेल्या अनेक नोंदी एकेक करून घालण्याऐवजी एका शोधात एकगठ्ठा घालणे. डिरेक्टरीच्या डिलेड नोंदींबाबत हे झाले आहे आणि अशा आणखी जागा निघतील. गठ्ठा घालताना त्रुटी आली तर एकतर सर्व नोंदी घातल्या गेल्या किंवा एकही नाही, हा सोपा निकाल मिळतो, हा त्याचा जोडलाभ.

डिलेड रेफबद्दल फार लिहीत नाही. तेथील अपयश मूळ क्रियेला कळवण्याची वेळ टळून गेलेली असते, म्हणून अबॉर्टला पर्याय नसतो, आणि म्हणूनच नवख्याने तेथून सुरुवात करू नये.

डेटा लिहिण्याच्या मार्गात मात्र कॉपी-ऑन-राइट खरोखर मदतीला येते. नवा डेटा नव्या जागी लिहिला जातो आणि तो यशस्वीपणे लिहून झाल्यावरच फाइलची नोंद त्या जागेकडे वळवली जाते. लिहिताना डिस्कने ‘ईआयओ’ दिली, तर नोंद घातलीच जात नाही; राखलेली जागा परत होते, फाइलच्या मॅपिंगवर (मेमरीतील पानांच्या नोंदीवर) त्रुटीची खूण पडते आणि पुढचे एफसिंक ती त्रुटी प्रोग्रॅमला देते. अबॉर्टची गरज नाही, जुना डेटा शाबूत. मेटाडेटा (ट्रीचे नोड) लिहिताना अशी त्रुटी आली तर मात्र सुपरब्लॉक लिहिण्यापूर्वीच थांबणे भाग आहे. मिररवर आधारित मांडणीत काही अपयशे सहन करता येतात, पण किती, हा हिशेब फ्लश आणि लेखन यांच्यासाठी वेगवेगळा ठेवावा लागतो. फ्लश झाले असे खोटे सांगणाऱ्या डिस्कमुळे नवा सुपरब्लॉक पोहोचतो, त्याने निर्देश केलेला नोड पोहोचत नाही, आणि मग ‘पॅरेंट ट्रान्सआयडी’ (वरच्या नोडने अपेक्षिलेला ट्रान्झॅक्शन क्रमांक) जुळत नसल्याचा तो कुप्रसिद्ध संदेश येतो. त्यावर कोणत्याही त्रुटी-हाताळणीचा इलाज चालत नाही.

एफसिंकचा लॉग-ट्री (पूर्ण कमिट टाळून एका फाइलचे बदल लवकर लिहिण्याची ट्री) हा मार्ग अभ्यासण्यासारखा आहे, कारण तेथे त्रुटी-हाताळणीची तिसरी तऱ्हा दिसते. लॉगमध्ये नोंद करताना काहीही अडले, तर अबॉर्ट न करता आणि बहुतेकदा त्रुटीही न देता, ‘हा लॉग सोड आणि पूर्ण कमिट कर’ असा निर्णय घेतला जातो. अचूकता राखली जाते, किंमत फक्त वेळेची. ही सोय सुंदर आहे, पण तिचा तोटा असा की ती मुकी असते. एखाद्या बदलामुळे दर एफसिंकला पूर्ण कमिट होऊ लागले तरी कोणतीही चाचणी फसत नाही. फक्त एखाद्या डेटाबेसची गती कोसळते. म्हणून अशा पर्यायी मार्गाला ट्रेसपॉइंट (कोडमधील निरीक्षणाची जागा) किंवा मोजणी असावी असा माझा आग्रह असतो. सिसफसमधील (कर्नेलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या भागातील) ‘कमिट-स्टॅट्स’ या फाइलमध्ये कमिटची संख्या, शेवटच्या कमिटला लागलेला वेळ आणि सर्वांत मोठा वेळ मिलिसेकंदांत मिळतो. पॅच लावण्यापूर्वी आणि नंतर तेवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

मोजमाप करताना चाचणीचे कर्नेल आणि मोजमापाचे कर्नेल वेगळे ठेवा. लॉकडेप, केएसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे साधन) आणि असर्ट चालू असलेल्या कर्नेलवर लॉकचा खर्च इतका फुगतो की तेथे दिसलेला फायदा प्रत्यक्षात नसतोच, किंवा उलट खरा फायदा दडपला जातो. मोजायला एखाद्या डिस्ट्रोचे नेहमीचे कॉन्फिग वापरावे. त्रुटींच्या वाटांसाठी याच्या नेमके उलट: सर्व तपासण्या चालू कराव्यात. कर्नेलमधील लहान मेमरी-मागण्या व्यवहारात क्वचितच फसतात, त्यामुळे त्रुटीच्या वाटेवरील कोड वर्षानुवर्षे एकदाही न चालता पडून राहतो. फेल-स्लॅबने मेमरी मुद्दाम नाकारता येते. बीपीएफद्वारे (चालू कर्नेलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवण्याच्या यंत्रणेद्वारे) निवडक फंक्शनचे उत्तर बदलण्याची सोय तर जोसेफ बॅसिक यांनी बीटीआरएफएसच्या अशाच वाटा तपासण्यासाठी आणली. डीएम-फ्लेकी आणि डीएम-एरर ही आभासी डिस्कची साधने डिस्कचे अपयश घडवतात. डीएम-लॉग-राइट्स प्रत्येक लेखनाची नोंद ठेवून कोणत्याही क्षणी वीज गेली असती तर काय झाले असते ते पुन्हा घडवून दाखवते. एफएस-टेस्ट्स या फाइल सिस्टिमच्या चाचणीसंचामध्ये यांवर आधारित चाचण्या तयार आहेत.

अबॉर्ट झाल्यानंतरचा भाग बहुतेक जण तपासत नाहीत. आरक्षणाच्या रांगेत थांबलेल्यांना जागे केले का, अपूर्ण ऑर्डर्ड एक्स्टेंट (डेटा लिहून होण्याची वाट पाहणाऱ्या नोंदी) मोकळे झाले का, कमिटची वाट पाहणारा कोणी कायमचा झोपून राहिला नाही ना, हे पाहण्यासाठी मुद्दाम घडवलेल्या प्रत्येक अपयशानंतर अनमाउंट करून बघावे. अनमाउंट अडकले किंवा राखीव जागेचा हिशेब शून्यावर आला नाही अशी ताकीद लॉगमध्ये दिसली, तर त्रुटीची वाट अर्धीच लिहिलेली आहे. पाथ सोडायला विसरण्याच्या चुका अलीकडच्या कर्नेलमध्ये आपोआप मुक्त होणाऱ्या पाथच्या मॅक्रोमुळे कमी झाल्या आहेत. मात्र असा पाथ फंक्शन संपेपर्यंत लॉक धरून ठेवतो हे लक्षात ठेवा. त्यानंतर त्याच फंक्शनात इतर काही लांबलचक काम असेल तर पाथ हातानेच आधी रिकामा करावा.

सुरुवात कोठून करावी, तर एकच फंक्शन निवडा ज्यात बग-ऑन आहे आणि ज्याला दोन-तीनच बोलावणारे आहेत. आधी सर्व बोलावणारे त्रुटी खरोखर हाताळतात का ते पाहा. नसतील तर त्यांची दुरुस्ती हे पहिले पॅच, बग-ऑनच्या जागी त्रुटी परत करणे हे त्यानंतरचे, आणि तयारीचे काम ट्रान्झॅक्शनबाहेर नेणे हे शेवटचे. या क्रमामुळे कोणत्याही मधल्या टप्प्यावर कोड मोडलेला नसतो आणि बायसेक्ट करणाऱ्याची (बदलांची यादी अर्धी अर्धी करत चूक आणणारा बदल शोधणाऱ्याची) अडचण होत नाही. वापरकर्त्याला जाणवणारी चूक दुरुस्त होत असेल तर ते पॅच मालिकेत सर्वांत पुढे ठेवून त्याला ‘फिक्सेस’ टॅग (कोणत्या जुन्या बदलाची चूक दुरुस्त होते ते सांगणारी ओळ) द्या, म्हणजे ते एकटे उचलून स्टेबल (केवळ दुरुस्त्या घेणाऱ्या, आधी प्रसिद्ध झालेल्या) कर्नेलांत नेता येईल. वेगाच्या पॅचच्या संदेशात मात्र चाचणीची स्क्रिप्ट, यंत्राचे वर्णन आणि आधीचे व नंतरचे आकडे असल्याखेरीज ते पाठवू नका.